तिरकं धरून बघ

शैलाताई गेल्या त्या दिवशी मी ऑफिसात होतो, आणि आज त्या जाणार हे मला सकाळपासून ठाऊक होतं. मरणाची बातमी अशी आधीच ठाऊक असणं म्हणजे काय, हे ज्याच्यावर ती वेळ आली नाही त्याला सांगणं कठीण आहे. मी मोबाइल टेबलावर उलटा ठेवला, सुलटा केला, पुन्हा उलटा ठेवला. शेजारच्या सहकाऱ्याने तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं. जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी उवेंचा फोन आला. उवे म्हणजे शैलाताईंचे यजमान, जन्माने आणि हाडाने जर्मनीतल्या येना गावचे. “आल्झो... मंदार...” ‘तर मग’ म्हणावं तसं एवढंच म्हणून ते थांबले. मग म्हणाले, “झोपली ती. तिचा हात माझ्या हातात होता. आता पोलिस आलेत, त्यांच्यासाठी कॉफी करतोय.” आमचं बोलणं नेहमी जर्मनमध्येच होतं, पण ‘झोपली’ हा शब्द तेवढा त्यांनी मराठीत उच्चारला. तो त्यांना येतो हे मला माहीत नव्हतं.

त्या वेळी मी तिथे असू नये, असा शैलाताईंचा हुकूम होता. कारण ऐकाल तर हसाल. माझा जर्मन नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे ज्याला इथे आइनब्यूर्गरुंग म्हणतात ते प्रकरण, बराच काळ सरकारी कचेरीत पडून आहे. आणि इथे असं स्वतःच्या निर्णयाने कुणी गेलं की ते मरण नैसर्गिक धरत नाहीत. सगळं कायद्यात बसत असलं तरी घरी पोलिस येतात, हजर असलेल्यांची नावं घेतात, चार प्रश्न विचारतात. “माझ्या मरणापायी तुझं आइनब्यूर्गरुंग अडकायला नको,” ताई म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, ताई, तसं काही होत नसतं. “तुला काय माहीत? तू वकील आहेस का? येऊ नकोस म्हटलं ना!” तोवर त्यांचा आवाज घोगरा झाला होता, एकेक शब्द ओढून आणावा लागत होता, पण दटावणी जुनीच होती. आलेले पोलिस दोघेही तरुण होते म्हणे. दाराबाहेरची चपलांची रांग बघून त्यांनी कुणी न सांगता बूट काढले आणि मोज्यांवर स्वयंपाकघरात बसून चौकशी पुरी केली. ताईंना हे ऐकून फार बरं वाटलं असतं, कारण जर्मन पाहुण्यांना बूट काढायला लावण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती.

मी पीएचडीसाठी सांगलीहून येनाला आलो तेव्हा मला वाटत होतं की मला प्रकाशशास्त्र येतं. येना हे भिंगांचं गाव. कॅमेऱ्याची, दुर्बिणीची, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या यंत्रांची भिंगं इथे पिढ्यान्‌पिढ्या घासली जातात. आमच्या संस्थेचं ज्या कंपनीबरोबर काम चाले, तिथल्या तपासणी विभागाच्या प्रमुख शैलाताई होत्या. मिरजेच्या, पुण्यात भौतिकशास्त्र शिकलेल्या, आणि मी तिथे पोचलो तोवर इतकी वर्षं येनात मुरलेल्या की ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हटल्याशिवाय त्यांचं मराठी वाक्यही पुरं होत नसे. मी माझं पहिलं भिंग मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे ठेवलं. “तपासलंस?” हो म्हटलं. “कुणी?” मीच. त्यांनी ते माझ्याकडे परत सरकवलं. “आपलं काम आपण पास करायचं नाही. जा, दुसरा माणूस घेऊन ये.” दुसरा माणूस कुणी हाताशी नव्हता, तेव्हा शेवटी त्याच उठल्या. काळ्या कापडासमोर, एका दिव्याखाली त्यांनी ते भिंग धरलं आणि हळूच कलतं केलं. मला काहीच दिसत नव्हतं. “सरळ बघितलंस तर सगळी भिंगं चांगलीच दिसतात. तिरकं धरून बघ.” आणि खरंच, एका कोनात एक केसाएवढा ओरखडा क्षणभर चमकून गेला. भिंग नापास झालं. मी त्या दिवशी त्यांच्यावर भयंकर चिडलो होतो, आणि त्यांनी मला त्याच संध्याकाळी पिठलं-भात खायला घरी नेलं.

इथल्या कचेऱ्यांत चार डोळ्यांचा नियम असतो. महत्त्वाचं कुठलंही काम दोन माणसांच्या नजरेखालून गेलंच पाहिजे. बाकीचे लोक तो नियम पाळतात, ताईंची त्यावर भक्ती होती. त्यांचं लग्नही त्यातूनच जमलं. त्या कंपनीत नव्या असताना त्यांनी घासलेलं पहिलं भिंग ज्या कारागिराने नापास केलं, तो म्हणजे उवे. दुसरंही केलं. सगळे जण या परदेशी मुलीशी गोड गोड बोलत होते, चांगलं आहे, छान आहे म्हणत होते, आणि हा एक उंचाडा माणूस मान हलवत होता. “म्हटलं, हा मला आयुष्यभर खोटं सांगायचा नाही. याच्याशीच करावं,” ताई सांगायच्या. नवऱ्याला त्या ‘अहो’ म्हणत. उवेंची बरीच वर्षं अशी समजूत होती की हे आपल्याला ठेवलेलं लाडाचं नाव आहे. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणाच्याही बायकोने ‘अहो’ अशी हाक मारली की एवढा मोठा जर्मन माणूस आधी वळून बघायचा.

हा नियम स्वयंपाकघरातही होता. ज्याने केलं त्याने चाखायचं नाही. शेगडीच्या बाजूला एका खिळ्याला एक छोटा लाकडी चमचा टांगलेला असे, तो चाखणाऱ्याचा. घरात येणाऱ्याच्या हातात आधी पाणी आणि मग तो चमचा यायचा. “मीठ?” एवढाच प्रश्न. उगाच छान म्हटलेलं चालत नसे. पंचाईत व्हायची ती फक्त गणपतीत. नैवेद्याचं चाखायचं नाही, आणि चाखल्याशिवाय पास करायचं नाही! एका वर्षी ताईंनी वरणात अंदाजाने मीठ घातलं आणि त्या मोदकांकडे वळल्या. उवेंना वाटलं, चाखणारं कुणी नाही म्हणजे मीठ राहिलंच असणार. म्हणून त्यांनीही घातलं, जर्मन काटेकोरपणे, चमचा सपाट करून. त्या दुपारी येनातल्या गणपतीच्या हॉलमध्ये सगळ्या मराठी मंडळींनी मुकाट्याने ते वरण संपवलं आणि पिंपभर पाणी प्यायलं. ताई मात्र आरतीनंतर सगळ्यांसमोर हात वर करून म्हणाल्या, “दोष नियमाचा नाही. आम्ही चार डोळ्यांऐवजी चार हात वापरले.”

हे सगळं मी एवढ्या विस्ताराने सांगतो आहे, कारण पुढचं त्यावाचून कळायचं नाही.

मरणाच्या कायद्यावर त्या आजारी पडण्याच्या पुष्कळ आधीपासून बोलत. इथल्या सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने सांगून टाकलेलं आहे की आपलं मरण ठरवण्याचा आणि त्यासाठी मदत घेण्याचा माणसाला हक्क आहे. ती मदत कशी, कुणी, काय पारखून द्यायची, याचा कायदा मात्र संसदेने करायचा, तो झाला नाही. दोन मसुदे मतदानाला आले, दोन्ही पडले. ते मतदान आम्ही त्यांच्या घरी कांदेपोहे खात टीव्हीवर बघितलं. दुसरा मसुदाही पडला तेव्हा मी म्हटलं, बरंच झालं की ताई, कायदा नाही म्हणजे अडवणारंही कुणी नाही. माझं तेव्हा मत होतं की असल्या गोष्टीला दार उघडूच नये, आणि उघडलं असेल तर निदान कायद्याची चौकट, पाटी लावून त्याला मान्यता देऊ नये. ताई पोह्यांची बशी खाली ठेवून माझ्याकडे वळल्या. “नियम नसले की ओळखी लागतात, मंदार. मिरजेहून मी इतक्या लांब आले ते कशासाठी? इथे ओळखीशिवाय कामं होतात म्हणून. आता मरायला ओळख लागणार.” पुढे एका चर्चच्या सभागृहात याच विषयावर चर्चा होती, तिथे त्या मला ओढून घेऊन गेल्या. तिथल्या पास्टर बाईंनी फार तळमळीने भीती बोलून दाखवली. उद्या म्हाताऱ्या माणसांना वाटू लागेल की आपण अडचण झालो आहोत, आणि ते हक्काच्या नावाखाली मुकाट निघून जातील. मला वाटलं ताई आता तुटून पडणार. त्या उठल्या आणि म्हणाल्या, “बाईंचं म्हणणं अगदी बरोबर आहे. म्हणूनच कायदा हवा. कुणी अडचण म्हणून जातंय का, हे बघणारा दुसरा माणूस कायद्याने बसवा.” विरोधकाचं म्हणणं असं उचलून आपल्या बाजूला मांडणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मग एके दिवशी त्यांच्या हातून भिंग पडलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्या हसल्या, आम्ही हसलो. नंतर कपाचा कान धरवेना, सदऱ्याची बटणं लागेनात. हिवाळ्यात निदान झालं. मेंदूकडून स्नायूंकडे जाणारा निरोपच हळूहळू बंद पडतो, तो आजार. हात, पाय, जीभ, गिळणं आणि शेवटी श्वास. बुद्धी मात्र स्वच्छ राहते, आणि यावर औषध नाही. त्यांनी मला हे कंपनीच्या कँटीनमध्ये सांगितलं, सूप गार होईस्तोवर, आणि वर म्हणाल्या, “सूप घे. तुला कुणी बंदी नाही केलेली.”

त्यांचं मन पहिल्यापासून ठरलेलं होतं असं म्हणणं खरं नाही. वेदनाशमन विभागाच्या डॉक्टरबाईंशी त्या कितीदा तरी बोलल्या. श्वासाचं काय होतं, गुदमरू देत नाहीत म्हणजे नेमकं काय करतात, शांत झोपवून ठेवणं कसं असतं, सगळं विचारून घेतलं. त्या बाईंबद्दल त्यांना फार आदर होता. पण आपण निघताना जागं असावं आणि निरोप आपल्या तोंडाने घ्यावा, हे त्यांच्या मनातून जाईना. मग सुरू झाली ती ओळखी काढायची पायपीट. घरचे डॉक्टर म्हणाले, मला समजतं, पण माझ्याच्याने होणार नाही. दुसऱ्याने विषयच बदलला. तिसऱ्याचा पत्ता कुणाच्या तरी कुणाकडून मिळाला. मुलगी दाखवायला निघाल्यासारखं वाटतं, ताई म्हणाल्या. शेवटी अशी मदत मिळवून देणाऱ्या एका संस्थेची दोन माणसं घरी आली, एक डॉक्टर आणि एक वकील. त्यांनी दोनदा येऊन, तासन्‌तास बसून बोलणं केलं, आणि त्यांची खात्री पटली. फक्त एक गोष्ट त्यांनाही बदलता येत नव्हती. शेवटची कृती त्या माणसाने स्वतःच्या हाताने करायची. दुसऱ्याने केली तर तो गुन्हा. आणि ताईंचे तर हातच चालले होते. म्हणजे उशीर केला तर दार बंद होणार, आणि दाराच्या भीतीने घाई केली तर जे जगणं हातात आहे तेच टाकून द्यायचं. हे असं वेळापत्रक देवानेही कुणाला देऊ नये.

अण्णांना, म्हणजे मिरजेच्या आपल्या थोरल्या भावाला, त्यांनी व्हिडिओवर स्वतः सांगितलं. मी शेजारी होतो. अण्णा निवृत्त शिक्षक, शब्द मोजून बोलणारे. ते म्हणाले, “शैले, याला आपल्यात आत्महत्या म्हणतात.” ताई म्हणाल्या, “अण्णा, आत्महत्या करणाऱ्याला जगणं नको होतं. मला हवंय हो. मिळत नाहीये.” मग अण्णांनी विचारलं, “जेवलीस का?”

त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी मला कामाला लावलं. “ती दोघं चांगली माणसं आहेत. त्यांनी मला पास केलं. पण मंदार, ती जर्मन आहेत. मी इथे आले तेव्हा लोक केक पुढे करायचे, मी नको म्हणायचे, आणि केक खरंच परत जायचा! दुसऱ्यांदा कुणी विचारायचं नाही. कित्येकदा उपाशी झोपले मी. बाईमाणूस ‘मला काही नको’ म्हणतं तेव्हा त्याच्या पोटात काय असतं, ते यांना कळत नाही. तुला कळेल. तुझ्या आईने जन्मभर तेच केलं असणार.” मी म्हटलं, मला काय करायचं आहे? “दर शनिवारी यायचं, माझा निर्णय दिव्याखाली धरायचा. त्यात कुठे दुसऱ्यासाठी म्हणून काही दिसलं तर नापास करायचं. मी ऐकेन.” मी चक्क नाही म्हटलं. मला हा निर्णयच मान्य नाही, तो मी कसा तपासू? “म्हणून तर तू. मान्य असणारा माणूस तपासणीला कशाला हवा?” आणि उवे? त्यांनी आयुष्यभर तुमची भिंगं तपासली, त्यांना विचारा. ताईंनी स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथे उवे बटाटे सोलत होते. “त्यांना नाही,” एवढंच त्या म्हणाल्या. हे मी तेव्हा नीट समजून घेतलं नाही.

मग मी दर शनिवारी ट्रामने जात राहिलो. सरळ विचारलं की उत्तर स्वच्छ यायचं. मला माझ्या हाताने जायचं आहे, शुद्धीत जायचं आहे, कुणाच्या नावाने नाही. पाडव्याच्या सुमारास त्यांनी जाण्याचा दिवस ठरवला. एका आठवड्यावर आला होता. त्या शनिवारी मी त्यांना काही विचारलंच नाही. गुढी उभारली होती, बाल्कनीच्या कठड्याला, कलशाऐवजी काचेच्या भांड्याची. चहा झाला. मी सहज म्हणून विचारलं, उवेंची पाठ कशी आहे आता? ताईंना खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून न्हाणीघरात उवे एकटेच उचलून नेत, आणि थंडीपासून त्यांची पाठ धरलेली होती. ताई झटक्यात म्हणाल्या, “बरी होईल ना. आता थोडेच दिवस.” आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. मीही ऐकलं. “ताई,” मी म्हटलं, “ओरखडा आहे.”

त्या संतापल्या. इतक्या की शब्द फुटेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुसायला हात उठेना. “माझा हात जाईल, मंदार! उन्हाळ्यात हात राहील का, सांग. देशील लिहून?” मी काय लिहून देणार? मला आयुष्यात कधी कुणाची इतकी भीती वाटली नव्हती. त्यांचं म्हणणं खरं होतं. मी जे म्हणतो आहे त्याची किंमत मी देणार नव्हतो, त्या देणार होत्या. मी फक्त म्हटलं की तुम्ही म्हणाला होतात, ऐकेन. बऱ्याच वेळाने त्या शांत झाल्या, आणि आत हाक मारली, “अहो! संस्थेला फोन लावा. दिवस रद्द.” मला शैलाताईंचं मोठेपण सांगायला कुणी एकच प्रसंग मागितला तर मी हा सांगेन. इतक्या कष्टाने मिळवलेली वस्तू, दार मिटत आलेलं, आणि केवळ आपण दुसऱ्याच्या नजरेला मान देऊ असं म्हटलं होतं म्हणून ती परत ठेवायची. पुढच्याच आठवड्यात त्यांनी सकाळ-संध्याकाळ घरी येणारी फ्लेगेडीन्स्टची, म्हणजे शुश्रूषा सेवेची, माणसं लावून घेतली. परक्या बाईने अंघोळ घालायला त्या इतके दिवस तयार नव्हत्या, आता झाल्या. उवेंची पाठ सुटी झाली. त्यांना कारण कळू दिलं नाही.

तो उन्हाळा त्यांना मिळाला. टेकडीच्या पायथ्याला त्यांची भाड्याची छोटी बाग आहे, तिथे चाकाच्या खुर्चीत त्या दिवस दिवस बसत. चेरी खाता येत नव्हत्या, त्यांचा रस करून उवे चमच्याने देत. कोळशावर सॉसेज भाजली जायची आणि त्याबरोबर आम्ही लसणाची चटणी खायचो, आणि ताई ती फक्त हुंगायच्या. “तिखट जास्त झालंय,” नुसत्या वासावरून सांगायच्या, आणि ते बरोबर असायचं. डावा हात गेला. उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा टिकून राहिले. कसे राहिले, डॉक्टरांनाही सांगता येईना. त्या बोटांकडे आम्ही सगळे चोरून बघायचो, आणि कुणी बघतं आहे हे त्यांना कळायचं. एकदा मी त्यांना विचारलं, ताई, मी पाडव्याला चूक केली का? “केली असतीस तर मी बोलले नसते होय?” त्या म्हणाल्या. “या चेरी फुकट गेल्या असत्या.”

गणपती झाले. नैवेद्याचं वरण उवेंनी एकट्याने केलं, आणि ते चांगलं झालं होतं. त्यानंतर आलेल्या शनिवारी ताईंनी मला जवळ बोलावलं. आता बोलणं फार सावकाश होतं, कान तोंडाशी न्यावा लागे. “पुन्हा धर,” म्हणाल्या. मी सरळ विचारलं, तिरकं विचारलं. पाठीबद्दल विचारलं, अण्णांबद्दल, पैशांबद्दल, बागेबद्दल. उवेंचं नंतर कसं व्हायचं, विचारलं. “त्यांना वाईट वाटेल. फार. मी राहिले तरी तो माणूस मला सोडून कुठे जायचा नाही. मला ठेवून घ्यायला ते अजून दहा वर्षं उचलतील. त्यांच्यासाठी जायचं तर मी जाणारच नाही, त्यांच्यासाठी तर राहावं लागेल. हे माझ्यासाठी आहे. स्वार्थी आहे मी.” आणि त्या हसल्या. मी शोधत राहिलो. मला ओरखडा हवा होता हो... देवाशपथ सांगतो, मी त्या दिवशी एखादा खोटासुद्धा चालवून घेतला असता. संध्याकाळचं ऊन त्यांच्या खुर्चीवरून सरकून भिंतीवर गेलं. शेवटी मी म्हटलं, “पास.” हा शब्द मी कामावर भिंगं तपासताना रोज उच्चारतो. त्या दिवशी तो म्हणून मी बाल्कनीत जाऊन रडलो, आणि आतून त्यांनी घोगऱ्या आवाजात सांगितलं की चहा टाक.

कायद्याविषयीचं माझं मत बदललं का, असं मला मित्र विचारतात. अजूनही मला त्या पास्टर बाईंची भीती खरी वाटते. पण आता मला ताईंचा रागही खरा वाटतो. प्रत्येकाला काही चार डोळ्यांचं वेड असलेलं घर मिळत नाही, आणि दर शनिवारी ट्रामने येणारं माणूसही मिळत नाही. ज्याला कुणी नाही, त्याला तिरकं धरून कोण बघणार? ते ओळखीवर सोडू नये, एवढं त्यांचं मागणं होतं.

गेल्या शनिवारी मी उवेंकडे गेलो. सवयीने त्याच ट्रामने, त्याच वेळी. दाराबाहेर त्यांचे एकट्याचे बूट होते. आत त्यांनी वरणाचा कुकर लावला होता, कृती ताईंच्याच आवाजात मोबाइलवर साठवलेली आहे, ती ते ऐकत करतात. तिच्यात मिठाचं प्रमाण नाही. तिथे ताई फक्त म्हणतात की चाखायला द्या. आम्ही इकडचं तिकडचं बोललो, बागेतल्या सफरचंदांचं, माझ्या अर्जाचं. मग माझ्याकडे पाठ करून, फोडणीचं तेल तापतं आहे का हे बघत असल्यासारखं करत उवे म्हणाले, “तुला एक विचारू? ती तुला दर शनिवारी खोलीत घेऊन बसायची. मी कधी विचारलं नाही...” तेल तापून धूर यायला लागला, तरी ते तसेच उभे. “तिच्या जाण्यात माझी पाठ होती का?”

तेव्हा मला कळलं की ताईंनी स्वयंपाकघराकडे बघून ‘त्यांना नाही’ असं का म्हटलं होतं. आपल्यामागे हा माणूस हा प्रश्न विचारणार, आणि तेव्हा उत्तर द्यायला आपण नसणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं. या माणसाला खोटं सांगून चालत नाही, हेही त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी म्हटलं, “पाडव्याला होती. म्हणून मी नापास केलं होतं. गणपतीनंतर नव्हती. मी नीट बघितलं, उवे. सगळ्या बाजूंनी धरून बघितलं.”

“तू स्वतः?”

“मी स्वतः.”

मग त्यांनी गॅस बारीक केला, मोहरी टाकली, वरणाला फोडणी दिली. बाहीने डोळे पुसले आणि खिळ्यावरचा तो लाकडी चमचा काढून, वरणात बुडवून माझ्यापुढे धरला.

“मीठ?” त्यांनी मराठीत विचारलं.

मी चाखलं. कमी होतं, आणि मी तसं सांगितलं.